ब्रिजटाउनमधले आठ तास

२९ जून २०२४ च्या रात्री महाराष्ट्रात घरोघरी टीव्हीवर जे मैदान दिसत होतं, ते बार्बाडोस बेटाच्या राजधानीतलं, ब्रिजटाउनमधलं. शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा झेल घेतला, भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक सात धावांनी जिंकला आणि कर्णधार रोहित शर्माने खेळपट्टीची माती उचलून तोंडात घातली. लगेच १ जुलैला बेरिल चक्रीवादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. विमानतळ बंद झाला, विश्वविजेते हॉटेलात अडकले, आणि अखेर ४ जुलैला ते मरीन ड्राइव्हवर पोचले. त्या एका आठवड्यात बार्बाडोस हे नाव आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ झालं.

याच केन्सिंग्टन ओव्हल मैदानापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर क्रूझ जहाजांचं बंदर आहे. डिसेंबर ते एप्रिल हा इथला भर हंगाम. मोठ्या जहाजात तीन-चार हजार प्रवासी असतात आणि हंगामात एकाच दिवशी अशी अनेक जहाजं धक्क्याला लागतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे हिवाळ्यात गेलेले कितीतरी मराठी आईवडील अलीकडे नातवंडांसह अशा सफरीवर निघतात. जहाज बहुधा सकाळी आठच्या सुमारास लागतं आणि संध्याकाळी पाच-सहाला सुटतं. चढण्या-उतरण्याच्या रांगा वजा केल्या तर हातात उरतात जेमतेम आठ तास.

हे आठ तास कसे घालवावेत, याचा विचार घरून निघण्याआधी करावा, असं मला कळकळीने सांगायचं आहे. धक्क्यावर उतरल्यावर समोर येईल त्या गाडीत बसलं, की दिवस सरतो आणि बेट मात्र भेटत नाही. बार्बाडोस भेटायला हवं असेल तर एक प्रश्न सोबत घेऊन उतरावं: ही जमीन कुणाची होती आणि आज कुणाची आहे? इथली उसाची शेतं, लाकडी घरं, रम, क्रिकेट, ताटातला मासा आणि अंग पसरायची वाळू, या सगळ्यांची गोष्ट त्या एका प्रश्नापाशी येऊन मिळते.

आधी नकाशा

बार्बाडोस कॅरिबियन बेटांच्या माळेतलं अगदी पूर्वेचं बेट. माळेपासून थोडं बाहेर, अटलांटिकमध्ये एकटं उभं. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी २३, क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बृहन्मुंबईहूनही लहान. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या वर. शेजारची सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट ही बेटं ज्वालामुखींनी घडवलेली, उंच डोंगरांची. बार्बाडोसचं तसं नाही. त्याचा सुमारे ८५ टक्के पृष्ठभाग प्रवाळाच्या चुनखडीचा आहे. सर्वांत उंच माउंट हिलबी तेवढी ३४० मीटरच्या आसपास.

या चुनखडीने बेटाचं नशीब ठरवलं. पावसाचं पाणी खडकातून झिरपून खाली साठतं, म्हणून मोठ्या नद्या नाहीत, पण भूजल चांगलं आहे आणि नळाचं पाणी सरळ पिता येतं. हॅरिसन्स केव्ह ही जमिनीखालची गुहा त्याच पाण्याने कोरलेली. आणि जमीन सपाट असल्यामुळे ती जवळजवळ सगळीच्या सगळी नांगराखाली आणता आली. डोंगराळ बेटांवर मळ्यांतल्या गुलामांना पळून जायला जंगल होतं. इथे ते लवकरच उरलं नाही. पुढच्या साऱ्या इतिहासात ही गोष्ट कळीची आहे.

बेटाला दोन स्वभावांचे किनारे आहेत. पश्चिमेचा कॅरिबियन किनारा शांत, पोहण्याजोगा, आणि म्हणून महागड्या हॉटेलांनी व्यापलेला. पूर्वेचा अटलांटिक किनारा रौद्र. आफ्रिकेपासून मधे एकही बेट नसल्याने लाटा हजारो किलोमीटर धावत येऊन इथे आपटतात. तिथे डोळे भरून पाहावं, पण पोहू नये. प्रवाह ओढून नेतात.

कागदपत्रं, हवा आणि घड्याळ

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला अल्प मुदतीच्या पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. खरी अडचण वाटेतली असते. अमेरिकेतून जायचं तर अमेरिकेचा व्हिसा हवा, आणि क्रूझ अमेरिकी बंदरातून निघून तिथेच परतणार असेल तर तो अनेकदा प्रवेश देणारा हवा. पोर्टो रिकोतल्या सॅन हुआनलाही हाच नियम. लंडनमार्गे जायचं असेल तर ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाचे नियम पाहून मगच तिकीट काढावं. जहाज ज्या ज्या बेटांवर थांबणार त्या प्रत्येकाचे प्रवेशनियम वेगळे असतात, म्हणून थांब्यांची यादी हातात घेऊन एकेक तपासावं. आणखी एक मुद्दा हमखास सुटतो. सफरीत त्रिनिदाद असेल आणि तिथून थोड्याच दिवसांत भारतात परतायचं असेल, तर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागू शकतं. भारत याबाबत कडक आहे.

चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. बार्बाडोस पूर्वेला असल्याने पुष्कळ वादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात, पण बेरिलने दाखवून दिलं की यावर विसंबता येत नाही. बेरिलने भिंतीएवढ्या लाटा आणल्या, त्यात ब्रिजटाउनच्या मासेमारी ताफ्याचं अतोनात नुकसान झालं. क्रिकेट संघ सुखरूप घरी आला ही बातमी आपण वाचली. तिथल्या कोळ्यांच्या बोटी धक्क्यावर आपटून फुटल्या, ती बातमी आपल्यापर्यंत फारशी पोचली नाही.

तापमान वर्षभर साधारण २४ ते ३१ अंश. डिसेंबर ते मे कोरडा काळ. २०११ पासून सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ उन्हाळ्याच्या सुमारास पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर ढिगाने येऊन पडतं, तेव्हा पोहायला पश्चिम किनारा बरा.

वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे. जहाजावरचं घड्याळ आणि बेटावरचं घड्याळ सारखंच आहे ना, हे उतरण्यापूर्वी विचारून घ्यावं. स्वतंत्र फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, म्हणून परतीला दीड तास हाताशी ठेवावा. चलन बार्बाडोस डॉलर. १९७५ पासून दोन बार्बाडोस डॉलरला एक अमेरिकी डॉलर हा दर बांधलेला आहे, आणि अमेरिकी नोटा सगळीकडे चालतात. मात्र कुणी ‘वीस डॉलर’ म्हणालं तर कुठले वीस, हे आधी ठरवावं. टॅक्सीला मीटर नसतो, तेव्हा भाडंही बसण्याआधीच ठरवायचं. लष्करी ठिपक्यांचे कपडे घालणं इथे कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलांनासुद्धा. नातवाची तशी टोपी घरीच राहू द्या. आणि कुणाशीही बोलायला सुरुवात करताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. नमस्कार न करता थेट प्रश्न विचारणं बार्बाडोसमध्ये उद्धटपणाचं मानतात.

किनाऱ्यावर मॅन्चिनील नावाचं झाड असतं. त्याचं फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, पण विषारी. चीकही भाजतो. पावसात त्याखाली आडोशाला उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा ओढलेला असतो. तो पट्टा दिसला की लांब राहावं.

उसाने घडवलेलं बेट

इंग्रज वसाहतवाले १७ फेब्रुवारी १६२७ रोजी पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या होलटाउनपाशी उतरले. त्यानंतर १९६६ साली स्वतंत्र होईपर्यंत बेट एकदाही इंग्रजांच्या हातून गेलं नाही. शेजारची बेटं फ्रेंच-इंग्रजांच्या लढायांत हात बदलत राहिली, हे राहिलं नाही. सुरुवातीला तंबाखू आणि कापूस झाला, आणि १६४० च्या दशकात ऊस आला. पुढच्या वीस-तीस वर्षांत जंगल साफ झालं आणि समुद्रापासून समुद्रापर्यंत ऊस उभा राहिला. या साखरेने बार्बाडोसला इंग्लंडची सर्वांत श्रीमंत वसाहत केलं.

ती श्रीमंती कुणाच्या अंगमेहनतीची, ते आकड्यांत पाहवत नाही. गुलामांच्या व्यापाराच्या काळात जवळजवळ पाच लाख आफ्रिकी माणसं बार्बाडोसच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. त्यांतली काही पुढे इतर बेटांवर विकली गेली. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा बेटावर गुलामगिरीत जिवंत असलेली माणसं होती ८३ हजारांच्या आसपास. दोन शतकांत कितीतरी पिढ्या उसाच्या फडात आणि चरकापाशी संपल्या. १६६१ साली इथल्या विधिमंडळाने गुलामांचा कायदा केला. माणसाला मालमत्ता ठरवणारा हा कायदा नमुना म्हणून जमैकात आणि अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात गेला. पूर्व किनाऱ्यावर कॉड्रिंग्टन कॉलेज आहे, उंच ताडांच्या रांगांमधून समुद्र दिसणारं, फार सुंदर. ती इस्टेट इंग्लंडच्या चर्चशी जोडलेल्या एका धर्मप्रसारक संस्थेच्या मालकीची होती, आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द तापल्या लोखंडाने डागलेला असे. त्या ताडांखाली उभं राहताना हे ठाऊक असायला हवं.

१८१६ च्या ईस्टरला बुसा या गुलामाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. तो चिरडला गेला, बुसा लढताना मारला गेला. आज तो बार्बाडोसचा राष्ट्रीय वीर आहे. साखळ्या तोडून हात उंचावलेल्या माणसाचा जो पुतळा महामार्गाच्या चौकात उभा आहे, त्याला लोक बुसाच म्हणतात. कार्ल ब्रूडहेगन या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा १९८५ साली बसवला गेला.

गुलामगिरी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, मालकांना. सुटका झालेल्यांना काही मिळालं नाही, इंचभर जमीनसुद्धा नाही. जमैकात, गयानात सुटलेली माणसं मळे सोडून रिकाम्या जमिनीवर गेली. बार्बाडोसमध्ये रिकामी जमीन नव्हतीच. राहायचं तर मळेवाल्याच्याच जमिनीवर, आणि तिथे राहायचं तर त्याच्याकडेच राबायचं, असा कायदाच झाला. काम सोडलं की जागा खाली करा.

या कायद्यातून एक घर जन्माला आलं. चॅटल हाउस म्हणतात त्याला. लाकडी, छोटं, समोरून अगदी प्रमाणबद्ध: मधे दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, उतरतं छप्पर. ते जमिनीत रोवलेलं नसतं. प्रवाळाच्या दगडांवर नुसतं ठेवलेलं असतं. जागा सोडायची वेळ आली की माणसं घर फळ्याफळ्यांनी उकलून गाडीवर घालत आणि दुसऱ्या जागी उभारत. जमीन कधीच आपली होणार नव्हती, म्हणून घर उचलता येईल असं बांधायचं. आज पर्यटक या रंगीत घरांपुढे फोटो काढतात. काढावेत, घरं देखणीच आहेत. पण खाली वाकून ते सुटे दगड पाहावेत. बेटाचा इतिहास त्या दगडांवर टेकलेला आहे.

पुढे १९०४ ते १९१४ या काळात हजारो बार्बाडियन पनामा कालवा खोदायला गेले. तिथून आलेल्या पैशांतून अनेकांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर जमिनीचा तुकडा घेतला. आणि १९८० साली कायदा झाला: मळ्याच्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुळांना ती जागा चौरस फुटाला दहा सेंट अशा नाममात्र दराने विकत घेण्याचा हक्क मिळाला. कुळकायद्यानंतर सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चढलं तो दिवस ज्या मराठी घरांत अजून सांगितला जातो, त्यांना या दहा सेंटांचं मोल वेगळं समजावून सांगायला नको.

त्या उसाचं आपल्याशी नातं

गयानात १८३८ साली, त्रिनिदादला १८४५ साली भारतीय गिरमिटिये मजूर नेले गेले. आपल्या कोकणातली माणसं मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसात गेली, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. बार्बाडोसला मात्र गिरमिटिया आला नाही, कारण तिथल्या मळेवाल्यांना त्याची गरजच पडली नाही. सुटका झालेली माणसं जमिनीअभावी तिथेच बांधलेली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमधून आणि मग सुरतेच्या आसपासच्या गावांतून फेरीवाले व्यापारी आले. पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन खेडोपाडी उधारीवर माल विकणाऱ्या त्या माणसांच्या पुढच्या पिढ्या आज ब्रिजटाउनच्या बाजारपेठेत दुकानं चालवतात.

दुसरं नातं थेट आपल्या शिवाराशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उसाला रुजणारं बी येत नाही, असाच समज होता. ऊस कांडीवरूनच लावायचा. म्हणजे एकाच वाणाची लागण वर्षानुवर्षं, आणि रोग आला की सगळं पीक एकदम आडवं. १८८८ साली बार्बाडोसमध्ये हॅरिसन आणि बोव्हेल या संशोधकांनी उसाच्या बियांपासून उगवलेली रोपं ओळखली आणि वाढवली. त्याच सुमारास जावा बेटावरही हा शोध लागला. बीज रुजतं म्हटल्यावर संकर करता येऊ लागला. १९१२ साली कोईमतूरला ऊस पैदास केंद्र उभं राहिलं ते याच ज्ञानाच्या पायावर. महाराष्ट्रात ‘निरा’ म्हणून ओळखला जाणारा को ८६०३२ हा वाण त्या परंपरेतला. सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्याने बार्बाडोसचं नाव ऐकलेलं नसेल, पण त्याच्या फडाच्या वंशावळीत त्या बेटाचं काम आहे.

आज बार्बाडोसमध्ये ऊस उरला आहे तो थोडा. १९६० च्या दशकात वर्षाला दोन लाख टनांच्या घरात साखर निघे. आता पोर्टव्हेल हा एकच कारखाना राहिला आहे. क्रूझ जहाजं लागतात ते खोल पाण्याचं बंदर १९६१ साली सुरू झालं, तेव्हा साखरेच्या निर्यातीची मोठी यंत्रणा तिथे होती. साखर गेली, माणसं येऊ लागली. म्हणून आठ तासांचा पाहुणा हा या बेटाच्या अर्थव्यवस्थेतला किरकोळ भाग नाही. उसाची जागा त्याने घेतली आहे.

दिवस कसा आखावा

एका दिवसात सगळं बेट फिरवून आणणाऱ्या सहली असतात. त्यात गाडीच्या खिडकीपलीकडे फारसं काही हाती लागत नाही. तीनपैकी एकच वाट निवडावी, असं मी सुचवेन.

पहिली वाट शहराची, पायी चालणाऱ्यांसाठी. बंदरापासून ब्रिजटाउनचा मध्य वीसेक मिनिटांवर. जुनं शहर आणि गॅरिसन हा लष्करी भाग मिळून २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. कॅरिनेज या खाडीवरचा पूल, समोर संसदेच्या प्रवाळी दगडातल्या इमारती. इथली विधानसभा १६३९ पासूनची. शेजारच्या चौकात १८१३ पासून नेल्सनचा पुतळा होता, लंडनमधल्या त्याच्या स्तंभाहूनही जुना. नोव्हेंबर २०२० मध्ये तो समारंभपूर्वक हलवला गेला, आणि वर्षभराने, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी, बार्बाडोसने ब्रिटिश राणीऐवजी सँड्रा मेसन यांना राष्ट्रप्रमुख केलं आणि प्रजासत्ताक झालं. जवळच १६५४ साली स्थापन झालेलं निधे इस्राएल सिनेगॉग आहे. ब्राझीलमधून परागंदा झालेल्या ज्यूंनी ते उभारलं. साखर गाळण्याचं तंत्र बेटावर रुजवण्यातही त्यांचा हात होता. दुपारी गॅरिसनमध्ये जुन्या लष्करी तुरुंगातलं बार्बाडोस म्युझियम पाहावं. गॅरिसनमधल्याच एका घरात १७५१ साली एकोणीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन आजारी भावासोबत राहिला होता. त्याच्या आयुष्यातला तो एकमेव परदेशप्रवास. रविवारी मात्र शहरातली बहुतेक दुकानं बंद असतात.

या वाटेवर केन्सिंग्टन ओव्हल आधीच लागतं. मराठी माणसाने तिथे केवळ २०२४ आठवू नये. १९६२ च्या मार्चमध्ये इथेच बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. शस्त्रक्रियेसाठी रक्त हवं होतं. विंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले, आणि त्यांच्याबरोबर आपले पॉली उमरीगर, बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. १९७१ च्या एप्रिलमध्ये याच मैदानावर भारताचे सहा गडी ७० धावांत गेले होते. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी सातव्या गड्यासाठी १८६ धावा जोडल्या. सरदेसाईंच्या १५०. दुसऱ्या डावात गावसकर नाबाद ११७. सामना वाचला, आणि वाडेकरांच्या संघाने मालिका जिंकली. १९९७ साली १२० धावांच्या पाठलागात ८१ वर कोसळलेला सचिनचा संघही इथलाच. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट ही तिन्ही माणसं दीड वर्षाच्या अंतरात याच छोट्या बेटावर जन्मली. सोबर्सही इथलाच, मार्शल आणि गार्नरही. मळेवाल्यांच्या क्लबांत सुरू झालेला खेळ मळ्यांत राबणाऱ्यांच्या नातवंडांनी जिंकून घेतला. वॉरेलने १९६० मध्ये वेस्ट इंडिजचं नेतृत्व हाती घेतलं, तोवर पूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार नेमलाच गेला नव्हता.

दुसरी वाट पूर्व किनाऱ्याची. चार-पाच जणांनी मिळून स्थानिक टॅक्सी दिवसासाठी ठरवावी. गन हिलच्या सिग्नल स्टेशनवरून सारा दक्षिण भाग दिसतो. पुढे सेंट जॉन चर्च, कॉड्रिंग्टन कॉलेज, आणि मग बाथशीबा. इथे लाटांनी बुंध्यापासून कुरतडलेले प्रवाळाचे अवाढव्य खडक पाण्यात उभे आहेत. जवळच आयरिस बॅनोची यांनी १९५४ साली सुरू केलेली अँड्रोमेडा बाग. ब्रिजटाउनहून अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत, पण रस्ते अरुंद, वळणांचे, म्हणून पाऊण ते एक तास धरावा. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. हिंमत असेल तर फेअरचाइल्ड स्ट्रीटच्या स्थानकातून बाथशीबाची सरकारी बस मिळते. भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर, कुठेही उतरा. शाळकरी मुलं, बाजारहाट करून निघालेल्या आज्या, खिडकीतून येणारा खारा वारा, असं बेट त्या बसमध्येच भेटतं. परतीची वेळ मात्र उतरतानाच विचारून ठेवावी.

तिसरी वाट पाण्याची. लहान मुलं सोबत असतील तर हीच बरी. शहराला लागून कार्लाइल बे हा अर्धचंद्राकार किनारा आहे. पाणी संथ, तळ वाळूचा. थोड्या खोलीवर बुडालेली जुनी जहाजं आहेत, त्यांत माशांनी संसार मांडला आहे. समुद्री कासवंही दिसतात. त्यांना खाऊ घालून जवळ बोलावणाऱ्या बोटी टाळाव्यात. माणसाच्या हातच्या खाण्याची सवय कासवाला घातक ठरते. बार्बाडोसचे किनारे हॉक्सबिल जातीच्या कासवांच्या विणीसाठी कॅरिबियनमध्ये महत्त्वाचे मानले जातात.

ताटात काय

राष्ट्रीय पदार्थ कुकू आणि उडता मासा. कुकू म्हणजे मक्याचं पीठ भेंडीच्या बुळबुळीत पाण्यात सतत घोटून केलेला मऊ गोळा, त्यावर माशाचा रस्सा. भेंडी आफ्रिकेतून आली, मका अमेरिकेचा. उडत्या माशाचे थवे अलीकडे अनिश्चित झाले आहेत. त्या माशाच्या पाण्यावरून शेजारच्या त्रिनिदादशी झालेला सागरी हद्दीचा वाद २००६ साली आंतरराष्ट्रीय लवादाने निकाली काढला.

कोकणातल्या वाचकाला इथे एक जुनी ओळख भेटेल, नीरफणस. तळलेला, भाजलेला, लोणच्यासारखा आंबवलेला. १७९३ साली कॅप्टन ब्लाय याने ताहितीहून नीरफणसाची रोपं जहाजातून वेस्ट इंडिजला आणली, गुलामांना पोटभरीचं स्वस्त अन्न मिळावं म्हणून. मालकांनी खर्च वाचवायला आणलेलं झाड आज प्रत्येक परसात प्रेमाने वाढवलं जातं.

शाकाहारी असाल तर रास्ताफारी लोकांची ‘आयटल’ जेवणं शोधा. मीठ-मांसाशिवाय, नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाज्या आणि कडधान्यं. त्रिनिदादहून आलेली रोटीची दुकानंही आहेत, रोटीत बटाटा-चण्याचं सारण मिळतं. नोव्हेंबरात गेलात तर कॉन्की खा: मक्याचं पीठ, भोपळा, रताळं आणि खोबरं केळीच्या पानात गुंडाळून उकडलेलं. स्वातंत्र्यदिनाच्या महिन्यातला हा खाऊ आहे. शुक्रवारी संध्याकाळी ओइस्टिन्सच्या कोळीवाड्यात माशांची जत्रा भरते, पण तोवर बहुतेक जहाजं सुटलेली असतात.

रम पिणाऱ्यांनी आणि न पिणाऱ्यांनीही एक भट्टी पाहावी. माउंट गे या भट्टीच्या जागेचा दस्त १७०३ सालचा आहे. साखर गाळल्यावर उरलेल्या मळीची ही दारू, म्हणजे तीही त्याच उसाची गोष्ट.

पैसा आणि किनारा

क्रूझचा प्रवासी जहाजावर झोपतो, जहाजावर जेवतो, आणि पुष्कळदा जहाजावरच विकत घेतलेल्या सहलीने फिरतो. त्या सहलीच्या किमतीतला मोठा वाटा कंपनीकडे राहतो. बेटाला मिळतो बंदराचा कर आणि प्रवासी किनाऱ्यावर स्वतःच्या हाताने जे खर्च करेल तेवढंच. म्हणून आठ तासांच्या पाहुण्याने ठरवून खर्च करावा. जेवण जहाजावर फुकट आहे म्हणून दुपारी परतू नये, बेटावरच जेवावं. टॅक्सी थेट चालकाशी बोलून ठरवावी. म्युझियमचं तिकीट काढावं. आंतरराष्ट्रीय ब्रँडची घड्याळं आणि दागिने दुबईतही मिळतात, त्यापेक्षा इथल्या कुंभाराचं मडकं, चिंचेच्या गोळ्या, मसाला, रम घ्यावी.

आणि किनाऱ्याबद्दल. बार्बाडोसमध्ये समुद्रकिनारा कुणाच्याही खासगी मालकीचा नाही. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सर्वांची. पश्चिम किनाऱ्यावर एकेका आलिशान घराची किंमत डोळे फिरवणारी आहे, पण त्या घरापुढच्या वाळूवर शाळेतलं पोरगं क्रिकेट खेळू शकतं. वाळूकडे नेणाऱ्या गल्ल्या मात्र हॉटेलं आणि बंगल्यांच्या कुंपणांमध्ये चिंचोळ्या होत गेल्या आहेत, आणि त्या वाटा खुल्या राहाव्यात म्हणून तिथले लोक सतत आवाज उठवत असतात. ज्या समाजाला दोनशे वर्षं पाय ठेवायला स्वतःची जागा नव्हती, त्याला या वाटांचं महत्त्व किती वाटत असेल, ते आता वेगळं सांगायला नको.

म्हणून किनाऱ्यावर जाताना हॉटेलच्या फाटकातून न जाता सार्वजनिक वाटेने जा. त्या वाटा वापरात राहिल्या तरच उघड्या राहतात. भाड्याच्या खुर्चीसाठी पैसे मोजायचे असतील तर स्थानिक माणसाला मोजा. परतल्यावर नातवंडांना विश्वचषकाच्या मैदानाइतकंच त्या सुट्या दगडांवरच्या घराबद्दल सांगा. आणि जमलं तर एकदा जहाजाविना या. चार रात्री एखाद्या बार्बाडियन कुटुंबाच्या अतिथिगृहात राहा, शुक्रवारचं ओइस्टिन्स बघा, शनिवारी पुडिंग अँड साउस हा पदार्थ विकायला मांडणाऱ्या बायकांशी गप्पा मारा, रविवारी चर्च सुटल्यावर मैदानावर रंगलेला सामना बघा. त्या चार रात्रींचा पैसा बेटावरच राहतो. आठ तास हे ओळख होण्यापुरते आहेत. ओळख नीट झाली, तर पुन्हा यायचं कारण आपोआप मिळतं.